कानालेत्तोची सोनेरी नौका

आजचा दिवस व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तो याने काढलेल्या ‘बुचिन्तोरो’ या सोनेरी नौकेच्या चित्रांत गेला. असेन्शनच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला व्हेनिसचा डोजे (तिथला राज्यप्रमुख) या नौकेतून जाऊन समुद्रात अंगठी टाकायचा, म्हणजे शहराचं समुद्राशी लग्नच! १७२९ची ही नौका: ४२ वल्ही, प्रत्येकावर चौघं, एकूण १६८ वल्हेकरी. १७९८ मध्ये फ्रेंचांनी सोन्यासाठी तिची सजावट जाळली. फार वाईट वाटतं.

चित्रं जवळून बघा. इमारतींच्या रेषा पट्टीने, कमानी कंपासने आखलेल्या. माणसं मात्र शेवटी, रंगवून झालेल्या इमारतींवरच. चेहरा म्हणजे जाड रंगाचा एक ठिपका. तेलरंग काळानुसार पारदर्शक होतो. त्यामुळे वरचा थर पातळ असेल तिथे एखाद्याच्या अंगरख्यातून मागच्या खांबाची रेघ दिसते. मला तीच रेघ सर्वांत आवडते.