उसण गेली, तरी पाठ आखडलेली का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न बहुतेक एकच असतो: "एमआरआयमध्ये विशेष काही नाही, दुखणंही कमी झालंय, मग वाकताना पाठ लाकडासारखी का होते आणि अधूनमधून उसण का भरते?"

हात झटकन वर उचलून बघा. खांद्याचा स्नायू आवळायच्या किंचित आधी पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू, ट्रान्स्व्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस, आवळला जातो. आपण ते ठरवून करत नाही. हाताला हुकूम सोडतानाच मेंदू कण्याची तजवीज करून ठेवतो. 1996 साली ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन या फिजिओथेरपीच्या संशोधकांनी स्नायूत इलेक्ट्रोड घालून हे मोजलं, तेव्हा कंबरदुखीवाल्यांची तजवीज उशिरा होताना दिसली. ताकद कमी असणं वेगळं आणि वेळ चुकणं वेगळं. जिममध्ये क्रंचेस मारून वेळ सुधारेलच असं नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दिसली. मणक्यांना चिकटून असलेला मल्टिफिडस स्नायू दुखऱ्या बाजूला बारीक होतो आणि पहिल्यांदा आलेलं दुखणं थांबलं तरी आपोआप भरून येत नाही. दहा आठवड्यांनी पाहिलं तरी फरक शिल्लक होता.

मेंदूत काय होतं, तेही तपासलं गेलं आहे. डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय झटका दिला की मोटर कॉर्टेक्समधली, म्हणजे हालचालींचे हुकूम सोडणाऱ्या मेंदूच्या भागातली, कोणती जागा कोणता स्नायू हलवते ते कळतं. वारंवार कंबर धरणाऱ्यांत पोटाच्या त्या आतल्या स्नायूची जागा मागे आणि बाहेरच्या बाजूला सरकलेली सापडली. मल्टिफिडस आणि त्याच्या बाहेरचा लांब स्नायू यांच्या वेगवेगळ्या जागाही एकमेकींत मिसळलेल्या होत्या. म्हणजे एका छोट्या स्नायूला हाक मारली की सगळी पाठच ताठते. एरवी पूर्ण वाकल्यावर पाठीचे लांब स्नायू सैल पडतात आणि भार अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांवर, जातो. अनेक कंबरदुखीवाल्यांत ते सैल पडतच नाहीत. वाकून, कण्याच्या दोन्ही बाजूंना कुणाला तरी अंगठे ठेवायला सांगा, हाताला कळतं.

हे उलटवता येतं का? 2010 च्या एका छोट्या अभ्यासात दोन आठवडे आतला स्नायू लक्ष देऊन वेगळा आवळल्यावर मेंदूतली जागा बरीचशी पूर्ववत झाली, नुसतं चालणाऱ्यांत झाली नाही. (चालणं सोडू नका, त्याचे फायदे वेगळे.)

लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाय लुळा पडत जाणं, ताप किंवा अकारण वजन घटणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

एरवी असं करा. उताणं झोपा, गुडघे वर, पावलं जमिनीवर. कमरेच्या पुढच्या हाडांच्या टोकांपासून दोन बोटांच्या अंतरावर, आतल्या बाजूला, बोटांची टोकं ठेवा. सहज श्वास सोडा आणि बेंबीखालचं पोट हळूहळू आत घ्या. बोटांखाली अलगद ताण जाणवला पाहिजे. फुगवटा आला तर बाहेरचे स्नायू घुसले, जोर कमी करा. 10 सेकंद धरा, श्वास चालू ठेवा. अशी 10 आवर्तनं, दिवसातून दोनदा. श्वास कोंडला किंवा कंबर जमिनीवर दाबली गेली तर ते आवर्तन मोजू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण जोर लावला की काम झाल्यासारखं वाटतं.

जमलं की तेच बसून, मग उभ्याने, मग हात उचलताना, शेवटी अर्धी बादली उचलताना. दिवसभर पोट ओढून मात्र फिरू नका, ताठरपणाचीच तर तक्रार आहे.

या व्यायामाचा जितका गाजावाजा होतो, तितका तो इतर व्यायामांच्या पुढे गेलेला नाही. तुलनेत फरक थोडाच निघतो. तेव्हा पोहणं किंवा योगासनं नियमित होत असतील, तर ती मोडून हे सुरू करायची गरज नाही. त्यांच्या आधी पाच मिनिटं जोडा.