लष्कर सोडून उरलेलं ग्वाल्हेर: किला गेट, हजीरा, मुरार आणि पडावली

महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला येणारा मराठी पाहुणा बहुधा दोन दिवस राहतो आणि ते दोन्ही दिवस शहराच्या लष्कर या भागातच काढतो. महाराज बाडा हा चौक, जयविलास राजवाडा, गाडीतून किल्ला, सराफ्यात चक्कर, संध्याकाळची गाडी. पाटणकर बाजार, फालका बाजार, चिटणीस की गोठ, शिंदे की छावणी या पाट्या वाचून घरी आल्यासारखं वाटतं, आणि पाय तिथेच थांबतात. त्यात लष्करातल्या मराठी घरांतूनही सल्ला मिळतो: "हजीरा? मुरार? तिकडे कशाला? तिकडे सगळा भिंड-मुरैनाचा कारभार." म्हणजे डाकूंसाठी बदनाम झालेल्या शेजारच्या जिल्ह्यांचा. या सल्ल्यामुळे अर्धं शहर बघायचं राहून जातं, तेही जुनं अर्धं. ते दोन दिवसांत कसं बघायचं, कुठे अडतं आणि कशाला भ्यायचं कारण नाही, ते पुढे देत आहोत.

आधी भूगोल. हे शहर एक नाही, तीन आहेत. किल्ल्याच्या डोंगराच्या पूर्व पायथ्याशी मूळ ग्वाल्हेर, म्हणजे किला गेट आणि हजीरा. दक्षिणेला लष्कर, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ पडला तो उठलाच नाही आणि तळाचंच शहर झालं. पूर्वेला मुरार, इंग्रजांची छावणी. तिन्ही आता एकमेकांत मिसळली असली तरी लोकांच्या बोलण्यात वेगळीच आहेत. हजीऱ्याचा माणूस आजही "लश्कर जा रहे हैं" म्हणतो. रिक्शावाल्याला नुसतं "ग्वालियर" सांगितलं तर तो जुन्या गावात नेईल, म्हणून मोहल्ल्याचंच नाव सांगा.

पहिला दिवस किल्ल्यापासून सुरू होतो, पण नेहमीच्या उलट. बहुतेक लोक पश्चिमेच्या उरवाई दरवाजाच्या बाजूने गाडीने वर जातात आणि त्याच वाटेने खाली येतात. वर तसंच जा, कारण उरवाईच्या चढावर कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती दिसतात. मात्र गाडीवाल्याला वरच पैसे देऊन मोकळं करा. मानमंदिर, सास-बहू आणि तेली का मंदिर पाहून पूर्वेच्या दगडी उतारावरून पायी उतरा. या बाजूला वाहन येत नाही. रमतगमत अर्धा तास पुरतो. फरशी इतक्या पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झाली आहे की साध्या चपला घसरतात. रबरी तळाचे बूट हवेत, आणि पाऊस पडून गेला असेल तर हा उतार टाळा. गुडघे दुखणाऱ्यांनी उताराच्या कडेने, भिंतीला हात लावून उतरावं.

याच उतारावर चतुर्भुज मंदिर आहे, एका खडकातून कोरलेलं आणि इतकं लहान की लोक बोलत बोलत पुढे निघून जातात. आत इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवळासाठी दिलेली फुलबाग २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि तिथून रोज ५० माळा यायच्या, असा त्यातला हिशेब. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच गोल, फक्त जरा लहान. तारीख पक्की ठाऊक असलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या दगडी नोंदींत याची गणना होते. अक्षरं उथळ आहेत. मोबाइलचा दिवा समोरून न मारता बाजूने तिरका धरला की उठून दिसतात.

उताराच्या तळाशी गुजरी महालातलं संग्रहालय लागतं. ते सोमवारी बंद असतं, म्हणून हा दिवस सोमवारी धरू नका. ग्यारसपूरची शालभंजिका ही प्रसिद्ध दगडी स्त्रीमूर्ती इथे आहे. दिसली नाही तर निघून न जाता कर्मचाऱ्यांना विचारा.

फाटकातून बाहेर पडलात की किला गेट. भीतीच्या गोष्टी इथून सुरू होतात, म्हणून इथे थोडं थांबून बोलायला हवं. पहिला धक्का भाषेचा बसतो. "काए, कहाँ जाने?" असं कोणी मोठ्या आवाजात विचारलं की पुण्या-ठाण्याच्या कानाला ते दरडावणं वाटतं. "काए" म्हणजे आपलं "काय हो", नुसती हाक. "हओ" म्हणजे हो. आवाज चढा असतो कारण बोलणं रस्त्याच्या या काठावरून त्या काठावर चालतं. दुसरा प्रश्न हमखास येतो: "कहाँ के हो?" त्याला चौकशी किंवा संशय समजू नका. गावाचं नाव सांगितलं की पुढची मदत सुरू होते. उत्तर टाळलं तर मात्र समोरचा खरोखरच संशयाने बघू लागतो. तिसरा प्रश्न "मराठा हो?" असा असेल. इथे तो जातीचा प्रश्न नाही. मराठी बोलणारा कोणीही इथे मराठाच. "हाँ, मराठी हैं" एवढं पुरे. आणि उत्तर देताना "तुम" ऐकून चिडू नका. इथे ते सरसकट वापरतात, अपमान म्हणून नव्हे. तुम्ही मात्र वडीलधाऱ्या माणसाला "दादा" किंवा "बाऊजी" म्हणा, बाईमाणसाला "अम्मा" किंवा "दीदी".

सकाळी किला गेट-हजीरा भागात बेडई खा. उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी आणि सोबत बटाट्याची पातळ, हिंगाची भाजी. दोन बेडया आणि थोडी जिलबी यात जेवण दुपारपर्यंत लांबतं. भाजी तिखट असते, "कम मिर्च" सांगून काही होत नाही कारण ती आधीच शिजलेली असते. दही मागून घ्या. दहा वाजल्यानंतर गेलात तर मिळेल ती गार असेल.

किला गेटहून महंमद गौस यांच्या मकबऱ्यापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं. रस्ता वर्दळीचा आहे, ई-रिक्शाही दहा-वीस रुपयांत नेते. सुटे पैसे जवळ ठेवा. सोळाव्या शतकातल्या या सूफी संताच्या चौकोनी इमारतीला चारी बाजूंनी दगडी जाळी आहे, आणि एकाही जाळीची नक्षी शेजारच्या जाळीसारखी वाटत नाही. आत गेल्याबरोबर थडग्याकडे न बघता पाच मिनिटं व्हरांड्यात उभे राहा. तिरपं ऊन असेल तेव्हा फरशीवर ती नक्षी पडते. सकाळी नऊच्या आसपास किंवा दुपारी चारनंतर गेलं तरच हे दिसतं. बाराला जाऊन उपयोग नाही. दर्गा चालता आहे: चपला बाहेर, डोक्यावर रुमाल. बाजूच्या मोकळ्या चौथऱ्यावरची छोटी छत्री तानसेनाची. लोक ती शोधत फिरतात, कारण मोठी इमारतच त्याची असेल अशी समजूत असते. चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो म्हणून गवयी शेजारचं चिंचेचं झाड ओरबाडत आले आहेत. आताचं झाड मूळचं नाही, पाला तोडू नका.

हजीऱ्यात मराठी माणसाचं काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी डिसेंबरमध्ये तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी इथे यावं. गाणं संध्याकाळी. सकाळी सनई, मग ढोलीबुवा मठाची हरिकथा, त्यानंतर मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, आणि थडग्यावर चादर. नारदीय परंपरेची कथा सूफी दर्ग्याच्या अंगणात होते, आणि समोर बसलेले निम्मे लोक आजूबाजूच्या गल्ल्यांतले असतात. लष्करातल्या मठाचा आणि हजीऱ्याचा हा संबंध जुना आहे. "तिकडे कशाला" म्हणणाऱ्यांच्या घरासमोरून ही परंपरा दरवर्षी तिकडे जाते. संध्याकाळच्या मैफली रात्री उशिरापर्यंत लांबतात आणि कडाक्याची थंडी असते: कानटोपी, शाल, पायात मोजे, आणि परतीची रिक्शा आधी ठरवलेली.

हजीऱ्याला लागून बिर्लानगर. जियाजीराव कॉटन मिलच्या जोरावर वाढलेली ही वस्ती. भिंड, मुरैना आणि उत्तर प्रदेशातून कामगार आले, चाळी उठल्या. १९९० च्या दशकात मिल बंद पडली. हजीऱ्याला "बिघडलेला भाग" म्हणायची सवय त्यानंतर घट्ट झाली. ज्याला गिरणगाव ठाऊक आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

मुरारसाठी हजीऱ्यातून "गोला का मंदिर" चौकापर्यंत आणि तिथून "बारादरी"ची शेअर रिक्शा. हे दोन शब्द पाठ असले की मुरारमध्ये चुकत नाही. १४ जून १८५७ ला इथल्या ग्वाल्हेर कंटिंजंटने, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने, बंड केलं. पुढच्या वर्षी १६ जूनला इंग्रज सेनापती ह्यू रोजने मुरार घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कोटा की सरायच्या लढाईत झाशीची राणी पडली. तिची समाधी फूलबागेत आहे. १८८६ मध्ये इंग्रजांनी किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत देऊन बदल्यात झाशी घेतली. छावणीच्या भागात फोटो काढू नका, कोणी अडवलं तर वाद न घालता फोन खिशात टाका. सूर्यमंदिर १९८८ चं, कोणार्कच्या धर्तीवर. सकाळी किंवा चारनंतर जा. मुरारला तीन तास पुष्कळ होतात.

दुसरा दिवस सगळा पडावलीचा. जास्तीत जास्त गैरसमज आणि जास्तीत जास्त खरी तयारी, दोन्ही इथेच. बटेश्वर, पडावली आणि मितावली ही तीन ठिकाणं मुरैना जिल्ह्यात, ग्वाल्हेरहून सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. भिंड रस्त्याने महाराजपुऱ्याकडे जाऊन डावीकडे रिठौरा, तिथून पडावली. गाडी दिवसभरासाठी ठरवा; एकेरी गेलात तर परतीला काही मिळत नाही. भाव करताना तिन्ही नावं उच्चारा आणि "रुकने का अलग नहीं" हे आधी कबूल करून घ्या. बहुतेक भांडणं याच एका मुद्द्यावर होतात. शनिवार आणि अमावस्या टाळा: जवळच ऐंतीचं शनिचरा मंदिर आहे, आणि शनी अमावस्येला या अरुंद रस्त्यावर वाहनांची रांग हलत नाही.

माणशी दोन लिटर पाणी आणि जेवणाचा डबा घ्या. स्वच्छतागृहाची खात्री धरू नका, निघण्यापूर्वीच उरकून घ्या. मोबाइलची रेंज मधूनमधून जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. एप्रिल ते जून जाऊ नका, पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि मितावलीच्या टेकडीवर सावली नाही. डिसेंबर-जानेवारीत धुकं नऊ-दहापर्यंत उठत नाही. त्याआधी निघण्यात काही कमाई नाही.

आता डाकूंविषयी, कारण प्रश्न येतोच. १९६० मध्ये कोकणातल्या गागोद्याचे विनोबा भिंडच्या बीहडात, म्हणजे चंबळकाठच्या घळींत, पायी फिरले आणि बागींनी (डाकूंना इथे बागी म्हणतात) त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोठं आत्मसमर्पण झालं. त्याला पन्नासहून अधिक वर्षं लोटली. रस्त्यात खांद्यावर बंदूक अडकवलेला माणूस दिसू शकतो. परवान्याची बंदूक बाळगणं इथे प्रतिष्ठेचं मानतात. टक लावून बघू नका, फोटो काढू नका, एवढंच. खरं अंतर ठेवावं ते लग्नाच्या वरातीपासून: हवेत गोळ्या झाडायची चाल कायद्याने गुन्हा असूनही पुरती गेलेली नाही.

या भागात जीव जातो तो रस्त्यावर. चंबळच्या रेतीने आणि दगडाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागचा दिवा नसताना वेगाने धावतात. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मितावलीहून चारला निघायचं आणि दिवसाउजेडी शहरात यायचं. ही वेळ ड्रायव्हरला सकाळीच सांगा. तो "छह बजे भी चलेगा" म्हणेल, ऐकू नका.

क्रम बटेश्वर, पडावली, मितावली असा ठेवा. बटेश्वरला आठव्या ते दहाव्या शतकातल्या सुमारे दोनशे लहान देवळांचा नुसता ढिगारा पडलेला होता. २००५ पासून पुरातत्त्व खात्याने के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली दगडाला दगड जुळवत कित्येक देवळं उभी केली. कुठला दगड नवा हे ओळखायला नक्षी पाहा: सपाट, कोरा तुकडा म्हणजे भरलेला. मागच्या बाजूला अजून न जुळलेले दगड पडले आहेत, तेही चुकवू नका. काम किती अवघड होतं ते तिथे कळतं. दीड तास द्या. पडावलीची गढी तिथून एक किलोमीटरच्या आत. जुन्या देवळाभोवती गोहदच्या जाट राणा राजांनी तट बांधला. मंडपाच्या छताकडे मान वर करून बघा, सगळी कथा वर आहे. मितावलीला शंभराच्या आसपास पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर येतं, १३२३ च्या शिलालेखाचं. भोवती चौसष्ट कोनाडे, मधे शिवाचा मंडप.

गावातली मुलं वाट दाखवायला येतात. वाटाड्या म्हणून कोणाला घेतलं तर पैसे आधी ठरवा. कोणी चहाला बोलावलं तर थांबा; नकार द्यायचा असेल तर उभ्या उभ्या पाणी तरी घ्या. पाणीही नको म्हणणं इथे लागतं.

हिवाळा असेल तर परतताना गजक घ्या. मुरैनाच्या गजकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तीळ आणि गूळ कुटून कुटून तिचे पापुद्रे काढतात. तुकडा दातांखाली न चिकटता फुटला तर ताजी. चिवट लागली तर ओल धरलेली. पेटीच्या आत प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून घ्या आणि गाडीत पेटीवर सामान ठेवू नका, नाहीतर घरी चुरा पोचतो. आणि डिसेंबर-जानेवारीत परतीचं तिकीट काढताना पुढच्या गाडीत किमान सहा तासांचं अंतर ठेवा. धुक्यात दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या वेळेवर येत नाहीत.