गेलेल्यांची नुसती यादी नको

२० नोव्हेंबरला जगभर ट्रान्सजेंडर डे ऑफ रिमेम्ब्रन्स पाळतात, मेणबत्त्या लावतात, त्या वर्षात मारल्या गेलेल्या ट्रान्स व्यक्तींची नावं एकेक करून वाचतात. ते व्हायलाच हवं, त्याबद्दल वादच नाही. पण मला दरवर्षी एक गोष्ट टोचते. नाव, वय, शहर आणि कसं मारलं, एवढंच कानावर पडतं. तीस-पस्तीस वर्षं जगलेलं माणूस आणि आपल्याला माहीत काय, तर त्याची शेवटची दहा मिनिटं.

हा दिवस ज्या रिटा हेस्टरमुळे सुरू झाला तिचंच बघा ना. बॉस्टनच्या ऑल्स्टन भागात राहणारी कृष्णवर्णीय ट्रान्स बाई, २८ नोव्हेंबर १९९८ ला तिच्या घरात तिचा खून झाला, आणि काही पेपरवाल्यांनी बातमीत तिला पुरुष म्हणून छापलं, तिचं जुनं नाव वापरलं. मैत्रिणी आधीच कोलमडलेल्या, त्यात हे! पुढच्या वर्षी ग्वेन्डोलिन ॲन स्मिथ या ट्रान्स कार्यकर्तीने तिच्या आठवणीत हा दिवस सुरू केला. रिटाचं नाव आपल्याला माहीत असतं ते इथपर्यंतच. पण ती ऑल्स्टनच्या रॉक म्युझिकच्या जगातली होती, स्टेजवर परफॉर्म करायची, तिथे सगळे तिला ओळखायचे, हे किती जणांना माहितीये?

म्हणूनच मला एड्स मेमोरियल क्विल्ट, म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत तुकडे जोडून शिवलेली अमेरिकेतली भलीमोठी गोधडी, फार जवळची वाटते. क्लीव्ह जोन्स या गे हक्कांच्या कार्यकर्त्याची कल्पना, ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पहिल्यांदा अंथरली तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते आणि आज जवळपास ५०,०००. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. त्या काळात कितीतरी अंत्यसंस्कार करणारे एड्सने गेलेल्यांना हात लावायला तयार नव्हते, घरचे यायचे नाहीत, मग मित्रांनी, पार्टनर्सनी, आणि हो, कित्येक आयांनीही, सुईदोरा घेतला. आणि शिवलं काय, तर त्याची जीन्स, काउबॉय बूट, गाडीच्या किल्ल्या, प्रेमपत्रं, टेडी बेअर. आजार कुठला होता हे कापडावर लिहायची गरजच नाही, पण याला बूट आवडायचे हे मात्र तिथे कायमचं टाकून ठेवलंय. माणूस आठवायचं तर असं.

त्यातच काही तुकड्यांवर पूर्ण नाव नाहीये, नुसतं पहिलं नाव, किंवा तेही नाही. कारण घरच्यांना कळू द्यायचं नव्हतं, किंवा घरच्यांनीच नको म्हटलं. हा प्रश्न अजूनही संपलेला नाही हं. जिवंतपणी ज्याने स्वतःबद्दल घरी सांगितलं नव्हतं त्याच्याबद्दल तो गेल्यावर आपण जाहीर लिहायचं का? माझं मत स्पष्ट आहे, नाही लिहायचं. जवळच्या चार जणांत बसून बोलावं, हसावं, रडावं, पण जे त्याने झाकून ठेवलं होतं ते श्रद्धांजलीच्या नावाखाली उघडं करायचा हक्क आपल्याला नाही.

उलट जी उघडपणे जगली तिला मेल्यावर परत झाकायचं, हे मी जवळून पाहिलंय. माझी एक मैत्रीण, ट्रान्स बाई, आजारपणात गेली. शोकसभेत फोटो लावला तो तिच्या कॉलेजच्या दिवसांतला, मिशी असलेला, खाली जुनं नाव. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो, तिची पार्टनरसुद्धा आमच्यातच, तिला कोणी पुढे या म्हणालं नाही. बोलणारे ज्याच्याबद्दल बोलत होते तो माणूस आम्हाला माहीतच नव्हता. बाहेर आल्यावर पार्किंगमध्येच एकीने तिची जुनी व्हॉइस नोट लावली, सहा मिनिटांची, पूर्ण सहा मिनिटं नुसतं भांडण, कोणीतरी तिची इस्त्री नेऊन परत दिली नव्हती त्यावरून, आणि शेवटी एकदम "बरं जेवलीस का?" आम्ही उभ्याउभ्या हसत होतो आणि रडत होतो, आणि माझ्या मते तिची खरी शोकसभा तीच.

सोबत उभे राहिलेल्यांनाही आपण फार पटकन विसरतो. जीन मॅनफर्ड ही न्यूयॉर्कमधली शाळेतली टीचर. तिच्या गे मुलाला, मॉर्टीला, १९७२ मध्ये मारहाण झाली तेव्हा ती गप्प बसली नाही, पेपरला पत्र लिहून जाहीर सांगितलं की माझा मुलगा गे आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे, मग त्याच वर्षी हातात बोर्ड घेऊन प्राइड मार्चमध्ये त्याच्या बरोबरीने चालली. पुढे १९७३ मध्ये पालकांची पहिली मीटिंग घेतली आणि त्यातूनच पीफ्लॅग ही अशा मुलांच्या पालकांची संघटना उभी राहिली. मॉर्टी १९९२ मध्ये एड्सने गेला, त्यानंतर ही आई वीस वर्षांहून जास्त जगली, २०१३ मध्ये गेली. आणि सॅन डिएगोच्या ब्लड सिस्टर्स! १९८३ मध्ये गे पुरुषांना रक्तदान करू देत नव्हते आणि एड्सच्या पेशंट्सना रक्त तर हवंच होतं, तेव्हा लेस्बियन बायकांनी रक्तदान शिबिरं भरवली. त्यांच्यातल्या बहुतेकींची नावं कुठल्याच यादीत येत नाहीत.

या वर्षी आमच्या छोट्या ग्रुपने ठरवलंय की नाव वाचलं की लगेच त्या माणसाच्या जगण्याबद्दल एक वाक्य तरी बोलायचं, काय आवडायचं, कशावरून चिडायची, काय काम करायचा, काहीही, त्यासाठी लागेल तेवढं शोधायचं, ओळखणाऱ्यांना फोन करायचे. आणि आमच्यापैकी प्रत्येकाने स्वतःबद्दलही लिहून द्यायचं, कुठलं नाव वापरायचं, कुठला फोटो लावायचा, आधी कोणाला कळवायचं, पुढच्या रांगेत कोणाला बसवायचं. मी माझं लिहून दिलंय. मैत्रिणीच्या पार्टनरनेही दिलंय, आणि त्या दिवशी तिच्याबद्दल बोलणार आहे ती तीच.