खापरपणजोबांपासून खाली : लेकींच्या शाखांचा माग

मागच्या नोंदीत मुळाचं जोडपं पक्कं करून थांबलो होतो. खापरपणजोबा आणि खापरपणजी, तालुका खानापूर, तेव्हाचा सातारा जिल्हा. आता त्यांच्यापासून खाली उतरत आज हयात असलेल्या प्रत्येक वंशजापर्यंत पोचायचं आहे. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली. मुलग्यांच्या शाखा कुठं ना कुठं लिहिलेल्या सापडतात : हेळव्याच्या चोपडीत, सातबाऱ्यावर, भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. मुलींच्या शाखा मात्र दोन पिढ्यांत दिसेनाशा होतात. म्हणून यंदाचा बराचसा वेळ मी त्या दोघींना दिला आणि ही नोंदही मुख्यतः त्यांचीच आहे.

छापील कुलवृत्तांत चाळले तरी हेच दिसतं. मुलाचं लग्न, त्याची मुलं, त्यांची शिक्षणं, सगळं तपशीलवार. मुलीच्या नावापुढं फार तर सासरचं आडनाव, आणि वेल तिथंच थांबते. कुळाचा ग्रंथ म्हणून ते ठीक असेल. पण खापरपणजीची लेकरं आज कुठं कुठं आहेत, हे शोधायचं ठरवलं की मुलगा आणि मुलगी यांत फरक करायला काही कारणच उरत नाही. माझ्या यादीतल्या हयात माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं आडनाव आमचं नाही, आणि ती सगळी तितकीच आमची आहेत.

सुगीनंतर : हेळवी आणि नमुना चौदा

आमच्याकडं अजून हेळवी येतात, हे भाग्यच म्हणायचं. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारी ही माणसं. पूर्वी नंदीवर बसून यायची. चोपडी उघडून त्यांनी अंगणात मूळ गाव, कुलदैवत आणि थोरली, मधली, धाकटी पाती, म्हणजे तिन्ही मुलग्यांच्या शाखा, क्रमानं वाचून दाखवली. परवानगी घेऊन मी सगळं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं. हे जरूर करा, कारण नावं भराभर येतात आणि कागदावर टिपताना एखादी पिढी हातून निसटते. त्यांचा मान, धान्य, पैसे मोकळ्या हातानं द्या. ती चोपडी त्यांची पोटापाण्याची विद्या आहे. फोटो काढू देत नाहीत म्हणून रुसू नये.

चोपडीत तिन्ही मुलगे नीट होते. मुलींची नावं नव्हती.

ती मिळाली गाव नमुना १४ मध्ये. जन्ममृत्यूची ही जुनी नोंदवही. कोतवाल बुक म्हणूनही ती ओळखली जाते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसिलांच्या अभिलेख कक्षांत गाठोड्यांत पडून असलेल्या या वह्या बाहेर आल्या. अनेक जिल्ह्यांत त्यांची स्कॅन केलेली पानं संकेतस्थळांवर टाकली गेली. ज्या कारणासाठी हे झालं ते वेगळं, पण आपल्यासारख्यांसाठी एवढं मोठं दार याआधी उघडलं नव्हतं. पानं बहुतेक मोडी लिपीत आहेत. मोडी शिकायला वेळ लागतो, पण या एका वहीपुरतं बोलायचं तर महिने, जाती, गावं आणि नेहमीची पन्नास-साठ नावं ओळखता आली की पान वाचता येतं.

या वहीचा मोठेपणा असा की जन्म झाला की तो लिहायचाच होता, मुलगा असो की मुलगी. नाव अनेकदा रिकामं असतं, नुसतं स्त्री जात आणि बापाचं नाव असतं. तरी जन्माचं साल हाती येतं. दोघींच्या जन्मांत सात वर्षांचं अंतर आहे, हे मला इथं कळलं, आणि पुढं कोणत्या सालच्या कागदांत कुणाला शोधायचं याचा अंदाज त्यावरूनच बांधता आला.

माघ : आहेराची वही

मधल्या पातीच्या घरी माळ्यावरच्या पेटीत १९५०च्या दशकातल्या एका लग्नाची आहेराची वही निघाली. आपण या वह्या रद्दीत घालतो. कृपा करून घालू नका. आहेर करणाऱ्याचं नाव, गाव, काय दिलं, आणि पुष्कळदा नातंही. परत आहेर करायचा असतो म्हणून लिहिणारा गावाच्या नावात चूक करत नाही. लुगडी, खण, एक रुपया, पाच रुपये, भांडी अशा ओळींमधे नवऱ्यामुलाच्या आत्याचं नाव होतं आणि पुढं अथणी तालुक्यातलं गाव. ही थोरली लेक. तिच्या खाली तिच्या दोन मुलांची नावं, वेगळा आहेर केला म्हणून वेगळी लिहिलेली. एका पानावर दोन पिढ्या मिळाल्या.

नाव मात्र माहेरचं नव्हतं. लग्नात नाव बदलण्याची रीत किती घराण्यांत होती हे आपण जाणतो. माहेरच्या कागदात एक बाई आणि सासरच्या कागदात दुसरी, आणि दोघी एकच असल्याचा पुरावा बहुधा फक्त माणसांच्या आठवणीत असतो. म्हणून ऐंशीच्या पुढच्या सगळ्या माहेरवाशिणींना मी एकच प्रश्न आधी विचारतो : तुमच्या आत्यांची माहेरची नावं काय आणि सासरची काय? पुरुषांना हे सहसा ठाऊक नसतं. बायकांना चुलत-मावस घरांतलंसुद्धा पाठ असतं.

चैत्र : हक्कसोड पत्र

या वर्षातला सगळ्यांत मोलाचा कागद हाच.

हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला आणि बापाच्या पश्चात मुलगीही मुलाबरोबरीनं वारस ठरली. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ उजाडावं लागलं. पण वंशावळीच्या दृष्टीनं खरा बांध १९५६ चा. त्याआधीच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, मुलगे असले की मुलींचं नाव सहसा येत नाही. त्यानंतर वारसनोंद करताना तलाठ्याला मुलींची नावं लिहावी लागू लागली. गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवही. त्यावरून फेरफार पडतो तो नमुना ६ मध्ये. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे आता 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर घरबसल्या, थोडं शुल्क भरून, पाहता येतात.

मुलींची नावं लागली की भाऊ त्यांच्याकडून हक्कसोड पत्र, म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडल्याचा दस्त, करून घेत. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करी. नोंदणी करायची तर देणाऱ्या प्रत्येकीचं पूर्ण नाव, वय आणि सासरचा पत्ता लिहावाच लागतो. एखादी हयात नसेल तर तिच्या मुलांची नावं, वयं, पत्ते येतात, त्यांच्या सह्या-अंगठे येतात. कित्येक पत्रांत मजकुरातच घराण्याची वंशावळ मांडलेली असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून अशा दस्ताची प्रमाणित नक्कल मिळते.

आमच्या थोरल्या पातीतल्या एका अशाच पत्रात चार बहिणींची नावं चार गावांसह मिळाली. त्यांतली एक वारलेली, म्हणून तिची तीन मुलं. ज्या कागदानं त्यांचं नाव जमिनीवरून उतरलं, त्याच कागदानं त्या माझ्या यादीत आल्या. वाचताना मन जड होतं. सगळ्या सह्यांच्या जागी डाव्या अंगठ्याचे ठसे आहेत. मी त्या पत्राची नक्कल त्यांच्या नातवंडांकडं पोचवली, कारण आजीच्या नावाचा एवढा एकच कागद उरला असल्याचं एकानं सांगितलं.

वैशाख : अथणीकडं

थोरलीचं सासर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलं, म्हणजे आजच्या कर्नाटकात. त्यामुळं तिच्या नातवंडांची शाळा कानडी, जमिनीचे उतारे कानडी, मतदारयादी कानडी. आडनाव तेच, पण लिपी बदलली की शोधयंत्रात काही सापडत नाही. कानडी अक्षरओळख करून घेतली, निदान नाव आणि गाव वाचण्यापुरती. घरात मराठी-कानडी दोन्ही बोलतात. थोरलीच्या नातसुनेनं मला खापरपणजीच्या नावाचा उच्चार सांगितला, जो आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हता. माहेरची आठवण सासरी जपली गेली होती. या शाखेत आता चार पिढ्या पूर्ण झाल्या आहेत, धाकटं बाळ श्रावणातलं.

यात्रेचे दिवस : देणगीदारांचा फलक

मधल्या पातीची अडचण वेगळी. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातून सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात गेलेली माणसं देशभर पसरली आहेत. आमच्या मधल्या पातीतले बरेच जण १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे असे बाहेर पडले. कुणी कुठल्या सराफ बाजारात भट्टी लावली हे गावात नीट कुणाला सांगता येईना.

उत्तर ग्रामदैवताच्या देवळात भिंतीवर होतं. जीर्णोद्धाराच्या देणगीदारांचा संगमरवरी फलक. रक्कम, नाव, आणि नावापुढं पेठेचं गाव : सेलम, कोइमतूर, त्रिशूर, मदुराई. वडिलांचं नाव मधे असल्यामुळं कोण कुणाचा हे लगेच जुळतं. फलकाचा फोटो काढून मी यात्रेला आलेल्या माणसांसमोर धरला, आणि देवळाच्या ओट्यावर बसल्या बसल्या अख्खी शाखा भरून निघाली. गलाईवाले यात्रा चुकवत नाहीत. ज्यांच्या गावचे लोक बाहेर आहेत त्यांनी यात्रेचे दोन दिवस वंशावळीसाठी राखून ठेवावेत. फोनवर महिनोन्‌महिने न मिळणारी माहिती तिथं मिळते, शिवाय चुलत्या-पुतण्यात मतभेद असेल तर तो समोरासमोर सुटतो.

तमिळनाडूत वाढलेल्या मुलांच्या शाळेच्या कागदांवर आडनाव नसतं, बापाच्या नावाचं आद्याक्षर असतं. यादीत मी दोन्ही रूपं लिहितो, नाहीतर पुढच्या पिढीतल्या शोधणाऱ्याला हा माणूस सापडणार नाही.

पहिला फोन

याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं म्हणून सविस्तर लिहितो. अनोळखी माणूस फोन करून तुमच्या आजीचं माहेर कुठलं, किती भावंडं, कोण हयात असं विचारू लागला की समोरच्याच्या मनात पहिली शंका जमिनीची येते. एक तर हा हिस्सा मागायला आलाय, नाहीतर सही मागायला. शंका रास्त आहे. वारसांची चौकशी आपल्याकडं एरवी त्याच कामासाठी होते.

म्हणून आता मी आधी माहिती देतो, मग मागतो. आहेराच्या वहीतल्या त्यांच्या आजीच्या नावाचा फोटो आधी पाठवतो. सातबारा, गट नंबर, हक्कसोड यांतला एकही शब्द पहिल्या भेटीत काढत नाही. शक्यतो भावकीतल्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर नेतो. आत्या म्हणून ती उंबऱ्यावर उभी राहिली की पुढचं बोलणं आपोआप होतं. कुणी नको म्हटलं तर तिथं थांबतो, यादीत फक्त "शाखा आहे" एवढंच लिहितो. हयात माणसांचे जन्मदिनांक, फोन, पत्ते माझ्या वहीबाहेर जात नाहीत. भावकीत वाटायच्या प्रतीत हयात व्यक्तीचं फक्त नाव, तेही विचारून.

दोनदा येणारी माणसं

आमच्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल. त्यामुळं खाली उतरणाऱ्या वंशावळीत एकच माणूस आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. थोरलीच्या एका नातवाचं मधल्या पातीतल्या मुलीशी लग्न लागलं, त्यांची मुलं दोन्हीकडची. मी डॅबोव्हिल पद्धतीनं आकडे देतो : मुळाचं जोडपं १, त्यांची मुलं १.१, १.२, पुढं १.२.१ असं. आकडा वाचला की माणूस कितव्या पिढीचा आणि कुणाच्या पोटचा हे कळतं. दोन वाटांनी येणाऱ्याला दोन्ही आकडे देतो, पण मोजताना एकदाच मोजतो, आणि त्याची मुलंबाळं बापाच्या आकड्याखाली नव्हे, तर जो आकडा आधी येतो त्याखाली मांडतो. ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर असे दुहेरी नातेसंबंध नीट सांभाळतं. कागदावर तक्ता काढणाऱ्यांनी रंगीत दोरा वापरावा. मी सुरुवातीला तेच केलं होतं आणि घरच्यांना दाखवायला अजून तोच तक्ता बरा वाटतो.

सध्या कुठं आहे

धाकटी पाती मुंबईला गिरणीत गेली. तिचं काम सोपं झालं, कारण गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडानं काढलेल्या सोडतींच्या याद्यांत माणसं सापडली आणि बाकीची लालबागच्या एका चाळीतून मिळाली. दोन घरं डोंबिवलीत, एक गावी परतलेलं.

अडलंय ते धाकट्या लेकीपाशी. तिला आटपाडीकडं दिली होती एवढं नक्की. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश साताऱ्याच्या दप्तरात ती दिसणार नाही. संस्थान १९४८ साली विलीन झालं, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० पासून तो सांगली. कागद या फेऱ्यांत कुठं गेले, हे गावागणिक वेगळं निघतं. तिच्या सासरच्या आडनावाची तीन घरं आटपाडी तालुक्यात मिळाली आहेत. पैकी एका घरात खापरपणजीचं नाव मुलीला ठेवलेलं आहे, म्हणून आधी तिथं जाणार. दिवाळीनंतर मोठी आत्या बरोबर यायला तयार झाली आहे. औंध संस्थानच्या जन्ममृत्यूच्या वह्या ज्यांनी प्रत्यक्ष हाताळल्या आहेत त्यांनी गाव आणि साल कळवावं. माझ्याकडच्या खानापूर तालुक्यातल्या पानांत कुणाची माणसं असतील तर नाव सांगा, मी मोडी वाचून देईन.