एचव्हीएस म्हणजे एचबीएस नव्हे, दादा!

सातव्या महिन्यात अंगावरून पांढरं जाण्याचं प्रमाण वाढलं, त्यात माशासारखा वास. आई म्हणाली, "पोटुशीला जातंच गं." पांढरं जातं, खरंय, पण असा वास येत नाही. डॉक्टरबाईंनी योनीच्या आतून स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर नमुना घेतला, मिनिटभराचं काम, दुखलंही नाही. नळी आणि फॉर्म माझ्याच हातात दिले आणि खाली लॅबमध्ये द्यायला सांगितलं.

खरा ताप तिथे सुरू झाला. फॉर्मवर डॉक्टरी अक्षरात 'एचव्हीएस' होतं, म्हणजे हाय व्हजायनल स्वॅब, हाच माझा नमुना. काउंटरवरच्या मुलाने ते 'एचबीएस' वाचलं, म्हणजे काविळीची, हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी. बिल फाडलं, पैसे घेतले आणि म्हणाला, "ताई, रक्त द्यायला आत जा." मी नळी दाखवली. "ही कसली?" त्याने मोठ्याने विचारलं. मागे रांग, रांगेत कुणाचे सासरे, कुणाचा दीर. मी हळू सांगितलं, त्याने परत मोठ्याने विचारलं. मग मीही मोठ्यानेच सांगितलं. लाजायचं काय त्यात?

पण बिल झालेलं, ते रद्द करायला डॉक्टरांची सही हवी. डॉक्टरबाई सिझरला गेलेल्या. पैसे परत देणारी खिडकी वेगळी, तिथले काका जेवायला. स्वॅब लवकर लॅबमध्ये पोचायला हवा, आणि तो माझ्या मुठीत गरम होतोय! सही नंतर आणते, आधी नमुना तर घ्या, म्हटलं तर "एंट्रीशिवाय घेता येत नाही." शेवटी ओपीडीतल्या सिस्टर खाली आल्या, फॉर्मवर 'हाय व्हजायनल स्वॅब, कल्चर' (कल्चर म्हणजे नमुन्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघणं) असं पूर्ण लिहिलं आणि त्या मुलाला असं काही झापलं की एंट्री लगेच झाली. पैसे मात्र काका आल्यावरच.

म्हणून सांगते, फॉर्मवर तपासणीचं नाव पूर्ण लिहून घ्या, पैसे भरण्याआधी बिल वाचा. शनिवारी दुपारी नमुना देऊ नका. आणि हो, स्वॅबच्या आदल्या दिवशी आत कुठलंही मलम नको.

रिपोर्टमध्ये न्यूजंट स्कोअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू बघून दिलेले गुण, ८ आला. ० ते ३ ठीक, ७ किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. एरवी तिथे लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचं राज्य असतं. ते लॅक्टिक आम्ल करतात, पीएच ४.५ च्या खाली ठेवतात, बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाहीत. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे ते सहसा आणखी बळकट होतात. माझ्या बाबतीत ते मागे पडले आणि गार्डनरेलासारख्या दुसऱ्या जिवाणूंनी जागा घेतली. यात वेळेआधी कळा येण्याचा धोका वाढतो, म्हणून मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा कोर्स दिला. विषाणूंचं काय, विचारलं तर म्हणाल्या, कल्चरमध्ये ते दिसत नाहीत, त्यांना पीसीआर, म्हणजे जनुकं शोधणारी तपासणी लागते. आणि तिथले कितीतरी विषाणू आपल्या नव्हे, त्या जिवाणूंच्याच मागे लागलेले असतात, त्यांना फेज म्हणतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं, का कोण जाणे.

एक राहिलं. ३६-३७ आठवड्यांना ग्रुप बी स्ट्रेप या जिवाणूसाठी वेगळा स्वॅब असतो, योनी आणि गुदद्वार दोन्हीकडून. आपल्याकडे सगळ्यांना सांगतातच असं नाही, आपणच विचारावं. पॉझिटिव्ह आला तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन देतात, बाळ होण्याच्या निदान ४ तास आधी.

बाळंतपणानंतर माहेरी पुन्हा तक्रार, आता कोरडेपणा, वेगळा वास. वार पडली की इस्ट्रोजेन एकदम उतरतं, लॅक्टोबॅसिलस घटतात, तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू येतात, घडी बसायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. जाऊबाईंनी सुगंधी वॉशची बाटली आणली होती, ती मी बाथरूमच्या फरश्या धुवायला वापरली. आतून काही धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे. मात्र ताप आणि घाण वासाचा स्राव एकत्र आले तर सव्वा महिना संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.