सहा बटणं

गेल्या आठवड्यात ऑफिसातून बोलणी बसली. गुन्हा काय, तर एका आजोबांच्या शर्टाची बटणं मी लावून दिली.

इंग्लंडात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं माझं काम. सकाळच्या फेरीतलं तिसरं घर. हातात अर्धा तास, त्यात अंघोळ, कपडे, गोळ्या, नाश्ता आणि मोबाईलवर नोंदी. आजोबांना पक्षाघात झालाय, डावा हात लुळा. उजव्या हाताने एकेक बटण लावत बसतात. सहा बटणांना नऊ मिनिटं, मी घड्याळ लावून बघितलंय! बाहेर लेस्टरचा चिपचिप पाऊस, पुढच्या घरची आजी चहासाठी खोळंबलेली. मी पटापट लावून टाकली. आजोबा काही बोलले नाहीत. सगळी बटणं काढली आणि परत पहिल्यापासून लावायला घेतली.

सुपरवायझरने केअर प्लॅन, म्हणजे कुणाला काय मदत करायची त्याचा कागद, वाचून दाखवला: 'बटणं स्वतः लावतात.' अहो, मग वेळ वाढवून द्या की! ते नाही.

इथे अंघोळ नको म्हटलं तर नको. एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयच घेता येत नाही असं धरायचं नाही, हे २००५च्या मेंटल कपॅसिटी कायद्यातच आहे. 'नकार दिला' लिहायचं, थोड्या वेळाने परत विचारायचं. साताऱ्यात आमच्या आजीला कोण विचारत होतं? सकाळी सातला पाणी तापलं की अंघोळ.

मंगळवार पेठेतल्या घरात ती चार वर्षं खाटेवर होती, पण एकही दिवस एकटी नव्हती. हे मी इथे सगळ्यांना ठसक्यात सांगते. आजोबांचा मुलगा नाताळात येतो, केक ठेवतो, जातो. (रविवारचा फोन चुकवत नाही, तेही लिहायला हवं.)

फक्त ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं: कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. आम्ही रोज उलटं करायचो. आधी चांगला हात, मग लुळा हात ओढून ब्लाउजच्या बाहीत कोंबायचा. आजी ओरडायची. म्हातारपणात माणूस किरकिरं होतं, म्हणायचो. दवाखान्यातून सोडताना कुणी सांगितलं नाही, तर आम्हाला कसं कळणार?

आता आईचा हात थरथरतो. ब्युरोतून मावशी ठेवल्यात. परवा फोनवर त्यांना म्हटलं, "आईला भरवू नका, ताट पुढे ठेवा. सांडलं तर सांडू दे. शेंगा फोडायलाही द्या."

"ताई, शेजारच्या काकू म्हणत्यात, लेक परदेशात आन् बाई ठिवूनबी आईला शेंगा फोडाय लावलंय. मग म्या पगार कशाचा घेती?"

मी समजावायला लागले, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "तिला म्हणावं, मला भरवलेलंच आवडतं."