हृदयाचे डॉक्टर आणि केशरी रेशनकार्ड

गेल्या चैत्रात आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई चालू असताना आई बागेतली चढण चढून वर आली आणि खळ्याच्या कडेला बसून राहिली. छातीत दाटल्यासारखे होते आहे, असे ती म्हणाली आणि लगेच "माका काय्येक झाला नाय" असेही म्हणाली. चढताना छाती दाटायची आणि बसल्यावर मोकळी व्हायची, हे महिनाभर चालले होते, पण ऐन हंगामात कोणाला सांगायचे म्हणून ती गप्प होती. देवगडला ईसीजी काढला, तेव्हा डॉक्टरांनी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितले आणि अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, करावी लागेल याची कल्पना दिली.

आमचे रेशनकार्ड केशरी आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला लागू आहे, एवढे मला ठाऊक होते. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा होती, ती आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या जोडीने पाच लाखांवर गेली आहे. त्यामुळे पैशाची काळजी मिटली असे मी धरून चालले होते.

अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयांच्या यादीत तासाभराच्या अंतरावरचे एक नाव सापडले आणि आम्ही आईला घेऊन तिथे गेलो. दोन तास बाकावर बसल्यावर कळले की रुग्णालय योजनेत आहे, पण हाडांच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी, हृदयरोगासाठी नाही. हृदयाचे डॉक्टर बाहेरून ठरावीक शनिवारी येतात, त्यांची तपासणी रोखीने होते आणि अँजिओप्लास्टी (अडलेली रक्तवाहिनी मोकळी करण्याचा उपचार) करायची झाल्यास आधी अनामत रक्कम भरावी लागेल, असे काउंटरवर सांगण्यात आले. त्यात खोटे काही नव्हते, पण फोनवर मी "तुमच्याकडे योजना चालते का" असे विचारले तेव्हा "हो, चालते" एवढेच उत्तर मिळाले होते. पुढचे अर्धे वाक्य त्यांनी सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. आजारी माणसाला एवढ्या उन्हात फुकट हेलपाटा पडला, याचे वाईट वाटते.

म्हणून हे लिहिते आहे. रुग्णालय योजनेत असते म्हणजे एकेका विशेष शाखेसाठी असते. विचारायचे ते असे : हृदयरोगासाठी तुम्ही अंगीकृत आहात का, अँजिओप्लास्टी इथेच होते का, आणि ती करणारे डॉक्टर रोज असतात की ठरावीक वारी येतात. हे प्रश्न काउंटरवर न विचारता आरोग्यमित्राला विचारावेत. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र बसतो आणि त्याचे कामच ते आहे. १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावरही चौकशी करता येते. आम्हाला त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्र ताईंनी बाजूला घेऊन कोल्हापूरचे नाव सुचवले आणि तिथल्या आरोग्यमित्राशी स्वतः बोलून खात्री करून दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मात्र छातीतली कळ थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर यादी शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. ईसीजी पाहून रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायचे की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील. अशा वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेतही आहे.

कोल्हापूरला जायचे म्हणजे तळेरे, वैभववाडी आणि मग घाट. करूळ बंद असला तर भुईबावडा, नाहीतर फोंडा. आईने सगळा रस्ता डोळे मिटून काढला. तिथे काम अडले ते नावावर. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या आमच्या रेशनकार्डाची पाने पावसाळी दमटपणाने एकमेकांना चिकटलेली होती; ती सोडवून पाहिली तर त्यावर आईचे नाव 'शालन' आणि आधारवर 'शालिनी'. दोन्ही एकच व्यक्ती आहे हे कागदोपत्री दाखवण्यात एक दिवस गेला. योजनेची पूर्वमंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला. उपचाराचा एक रुपयाही द्यावा लागला नाही. गाडीभाडे, आमचे राहणे-जेवण, आणि योजनेतली औषधे घरी आल्यानंतर थोड्याच दिवसांत संपल्यावर घेतलेली पुढची औषधे, हा खर्च मात्र आमचा होता. गोळ्या रोज घ्यायच्या आहेत, त्या आता आम्ही जनऔषधी केंद्रातून आणतो. स्टेंट बसला म्हणून मनाने गोळ्या बंद करणारी माणसे आमच्या वाडीतही आहेत, आणि त्याची मला फार भीती वाटते.

किनाऱ्यावरच्या माणसाला हृदयाच्या डॉक्टरसाठी घाट चढावा लागतो किंवा मुंबईची गाडी पकडावी लागते, ही गोष्ट मला मान्य होत नाही. हे बदलेपर्यंत निदान कागद तरी तयार असावेत, म्हणून वाडीतल्या सगळ्यांची आयुष्मान कार्डे काढायला घेतली आहेत. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट नाही, तेव्हा पांढऱ्या कार्डवाल्या काकांचेही वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीवरच्यांचे आयुष्मान कार्ड, झाले. तिघांचे ई-केवायसी राहिले आहे; जन्मभर कातळावर काम करून त्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत आणि यंत्र ते घेत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवण्यासाठी सोमवारी त्यांना घेऊन पुन्हा जाणार आहे.